तीन लाख उल्लेखांचा लेख

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आम्हा सर्वांना परिचयपत्रक पाठवले, तेव्हा त्यात संशोधन क्षेत्रात गेलेल्यांसाठी दोन खास रकाने होते: ‘प्रकाशित लेख’ आणि ‘सायटेशन’. पहिला मी लगेच भरला. दुसऱ्यापाशी पेन थांबले. आपल्या लेखाचा आधार दुसऱ्या संशोधकांनी किती वेळा घेतला आणि तसे आपल्या लेखाखाली नोंदवले, याची मोजदाद म्हणजे सायटेशन; मराठीत मी त्याला ‘उल्लेख’ म्हणेन. हा आकडा आता संगणकावर दोन मिनिटांत मिळतो. तरी तो लिहिताना मला एका लेखाची आठवण झाली. जगात आजवर सर्वांत जास्त उल्लेख झालेला लेख माझ्याच विषयातला, म्हणजे जीवरसायनशास्त्रातला आहे, आणि त्याची सुरुवात आपण सर्वांनी शाळेच्या प्रयोगशाळेत पाहिली आहे.

आठवून पाहा. सरांनी अंड्याचा पांढरा बलक पाण्यात कालवून परीक्षानळीत घेतला, त्यात कॉस्टिक सोडा घातला आणि मोरचुदाच्या द्रावणाचे चार थेंब टाकले. निळ्या मोरचुदाचा जांभळा रंग झाला. ‘प्रथिन आहे,’ सर म्हणाले. या चाचणीचे नाव बाययुरेट. ते ब्युरेटवरून पडले असावे अशी आमच्यातल्या अनेकांची समजूत होती आणि मांडणीवर उभी असलेली ब्युरेट या प्रयोगाला का लागत नाही, हे कोडे काही जणांना अखेरपर्यंत सुटले नाही.

प्रथिन ‘आहे’ हे जांभळ्या रंगाने कळते. ‘किती आहे’ हेही रंगाच्या गडदपणावरून कळते, पण त्यासाठी प्रथिन बऱ्यापैकी हवे. अंडे असेल तर अडचण नाही. मेंदूतला मोहरीएवढा तुकडा असेल तर ही चाचणी काही सांगत नाही. ही अडचण ज्यांनी दूर केली ते ऑलिव्हर लॉरी. जन्म १९१० चा, शिकागोचा. तिथल्याच विद्यापीठातून १९३७ साली वैद्यकाची आणि जीवरसायनशास्त्राची अशा दोन्ही पदव्या त्यांनी एकदम घेतल्या. काही वर्षे हार्वर्डला काढली, मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत जाऊन सूक्ष्म मापनाची कला शिकून आले, आणि १९४२ पासून न्यूयॉर्कच्या सार्वजनिक आरोग्य संशोधन संस्थेत ऑटो बेसी यांच्याबरोबर काम करू लागले.

तिथले काम पोषणाचे होते. कुणाच्या शरीरात कोणते जीवनसत्त्व कमी आहे हे पाहायचे, तर रक्त हवे. आणि शेकडो लोकांची, त्यातही लहान मुलांची पाहणी करायची, तर प्रत्येकाच्या दंडातून सुईने रक्त काढत बसणे शक्य नव्हते. लॉरी आणि बेसी यांनी बोट टोचून मिळणाऱ्या थेंबभर रक्तात जीवनसत्त्वे मोजण्याच्या पद्धती बसवल्या. १९४४ साली न्यूफाउंडलंड बेटावर कुपोषणाची पाहणी झाली, तेव्हा त्या पथकात लॉरी होते. पुढे तिथल्या पिठात जीवनसत्त्वे मिसळण्यास सुरुवात झाली आणि त्याचा काय परिणाम झाला हे पाहायला १९४८ साली पुन्हा पाहणी झाली, तेव्हाही ते होते. ‘थोड्यात मोजणे’ ही त्यांची आयुष्यभराची खोड. तिचा उगम केवळ हौसेत नव्हता, एवढे लक्षात ठेवावे.

प्रथिने मोजण्याची पद्धत त्यांनी याच काळात बसवली. तिची पहिली पायरी म्हणजे आपला शाळेतला प्रयोगच: अल्कली आणि मोरचूद. दहा मिनिटे थांबायचे. मग त्यात फोलिनचे द्रावण घालायचे. हे मॉलिब्डेनम आणि टंगस्टन यांच्या आम्लांचे पिवळे द्रावण असते. तांब्याने बांधलेल्या प्रथिनामुळे ते निळे होते. अर्ध्या तासाने तो निळा रंग यंत्रात मोजायचा. यात एकच खुबी आहे. अल्कलीत फोलिनचे द्रावण क्षणभरच टिकते, म्हणून ते घालताच सेकंदा-दोन सेकंदांत नळी ढवळली पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी निम्म्यांचे आकडे इथेच चुकत. एका हाताने पिपेट आणि दुसऱ्या हाताने नळी हलवणे ज्याला जमले, त्याला लॉरी जमला, असे आम्ही म्हणायचो.

ही पद्धत बाययुरेटपेक्षा सुमारे शंभरपट संवेदनशील होती. एका ग्रॅमचे दहा लाख भाग केले, तर त्यातल्या एका भागाच्या पाचव्या हिश्श्याएवढे प्रथिनही तिने मोजता येई. १९४७ मध्ये लॉरी सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात औषधशास्त्राचे प्रमुख म्हणून गेले, तेव्हा पद्धतही त्यांच्याबरोबर गेली. आजूबाजूचे लोक ती तोंडी शिकून वापरू लागले. लॉरींनी मात्र ती छापली नव्हती. त्यांना त्यात छापण्यासारखे फारसे वाटलेच नसावे. शेवटी अर्ल सदरलँड या सहकाऱ्याने आग्रह धरला: पद्धत आम्ही वापरतो, तर लेखात तिचा हवाला द्यायला काहीतरी छापील हवे. (हे सदरलँड पुढे १९७१ चे नोबेल मानकरी झाले.) तेव्हा लॉरी, रोझब्रो, फार आणि रँडल या चौघांच्या नावे १९५१ साली ‘जर्नल ऑफ बायॉलॉजिकल केमिस्ट्री’त अकरा पानांचा लेख आला.

पुढची हकीकत आकड्यांची आहे. ‘नेचर’ साप्ताहिकाने २०१४ साली सर्वाधिक उल्लेखांच्या शंभर लेखांची यादी केली. पहिला क्रमांक लॉरींचा: ३ लाख ५ हजारांहून अधिक उल्लेख. दुसरा, प्रथिने जेलमधून वेगळी करण्याच्या लेमली यांच्या पद्धतीचा, १९७० चा. २ लाख १३ हजार. गंमत म्हणजे लेमली यांचा तो लेख विषाणूच्या डोक्याची जुळणी कशी होते याविषयी आहे. जेलची कृती त्यात एका चित्राखालच्या बारीक टिपेत आहे आणि जग तो लेख त्या टिपेसाठी सांगते. तिसरा ब्रॅडफर्ड यांचा, १९७६ चा, पुन्हा प्रथिने मोजण्याचाच. यादीत शिरायला बारा हजारांहून अधिक उल्लेख लागत होते. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेचा १९५३ चा लेख, ज्याने एका शतकाचे जीवशास्त्र फिरवले, त्या शंभरांत नाही.

असे का व्हावे? कारण अगदी व्यवहारी आहे. १९५० नंतर जगभर विकरे, म्हणजे एन्झाइम, शुद्ध करण्याची लाट आली. एखाद्या विकराची ताकद सांगायची तर ‘दर मिलिग्रॅम प्रथिनामागे इतकी’ अशीच सांगावी लागते. म्हणजे कुणाचाही अभ्यास यकृताचा असो, हरभऱ्याचा असो वा जंतूंचा, त्याच्या प्रत्येक तक्त्यात छेदस्थानी प्रथिनाचा आकडा येणारच. तो आकडा ज्या पद्धतीने काढला तिचा उल्लेख करावा लागणारच. लॉरी छेदात बसले होते. अंशात काय आहे याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, म्हणून ते सगळ्यांच्या लेखांत गेले. त्यांनी स्वतः १९७७ साली याविषयी लिहिले आहे. ही पद्धत इतरांपेक्षा किंचित बरी, सोपी वा संवेदनशील निघाली आणि हल्ली जो तो प्रथिने मोजतो, एवढेच त्यांचे स्पष्टीकरण. हा काही थोर लेख नव्हे हे आपण जाणतो, पण लोकांचा प्रतिसाद पाहून मनातल्या मनात मजा वाटते, असेही त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले.

आता माझी कबुली. पीएचडीच्या प्रबंधात मी लॉरींचा उल्लेख केला होता, आणि त्यांचा लेख वाचला नव्हता. कृती प्रयोगशाळेतल्या जुन्या वहीत लिहिलेली होती, ती पिढ्यान्‌पिढ्या उतरून घेतली जायची. मोठ्या कुटुंबातली लोणच्याची कृती जशी. उल्लेखही तसाच उतरून घेतला, खंड आणि पानांच्या आकड्यांसकट. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझा आलेख पुढे केला. त्यावरच्या ठिपक्यांतून मी पट्टीने सरळ रेषा ओढली होती. ‘लॉरींनी काय म्हटले आहे या रेषेबद्दल?’ त्यांनी विचारले. मी गप्प. मग त्यांनीच सांगितले. त्या लेखात लॉरींनी आपल्या पद्धतीचे दोष स्वतःच नोंदवले आहेत. प्रत्येक प्रथिन सारखाच रंग देत नाही, हा एक. आणि रंग प्रथिनाच्या प्रमाणात काटेकोरपणे वाढत नाही, म्हणजे रेषा सरळ नसतेच, हा दुसरा. मला दोन तक्ते नव्याने करावे लागले. पदवी तीन महिने लांबली. त्या ३ लाखांत माझाही एक उल्लेख आहे आणि तो न वाचता केलेला आहे. असे आणखी किती असतील, कोण सांगणार?

त्या तीन महिन्यांत मी तो लेख ग्रंथालयात बसून वाचला. पहिल्याच वाक्यात, पहिल्याच संदर्भात एक नाव भेटले: वू. चिनी शास्त्रज्ञ वू शिएन. जन्म १८९३ चा, फूचौ शहरातला. हार्वर्डला ऑटो फोलिन यांच्या हाताखाली त्यांनी रक्त तपासण्याच्या पद्धती बसवल्या आणि फोलिन-वू हे जोडनाव जुन्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम केलेल्यांना अजून आठवत असेल. फोलिनचे द्रावण प्रथिने मोजायला वापरावे ही कल्पना वू यांची, १९२२ सालची. त्या द्रावणाची पुढची सुधारित कृती फोलिन आणि चिओकाल्टू यांची, १९२७ ची. आधी तांब्याची प्रक्रिया केली तर रंग वाढतो, हे हेरिअट यांनी १९४१ मध्ये दाखवले. लॉरींनी हे सगळे धागे एकत्र करून, कोणते प्रमाण, किती मिनिटे, कशाने बिघडते, याचा कीस काढला. तेही मोठेच काम. पण उल्लेखांच्या वहीत जमा झाले ते सगळे एका खात्यावर.

वू यांचे खरे काम तर वेगळेच आहे. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात असताना १९३१ साली त्यांनी एक सिद्धांत मांडला. अंडे उकडले की पांढरा बलक घट्ट का होतो आणि पुन्हा पातळ का होत नाही? वू म्हणाले, प्रथिनाचा रेणू ही ठरावीक प्रकारे घडी घातलेली रचना आहे; उष्णतेने साखळी तुटत नाही, घडी मोडते. आज आपण प्रथिनांविषयी जे काही बोलतो, त्याच्या पायाशी ही कल्पना आहे. ती छापून आली चीनमधल्या शरीरशास्त्राच्या एका नियतकालिकात. पुढे जपानी आक्रमण, महायुद्ध, यादवी. वू अमेरिकेत गेले, १९५९ साली बॉस्टनमध्ये वारले. तो लेख पाश्चात्य अभ्यासकांनी मुद्दाम पुन्हा छापला १९९५ साली, चौसष्ट वर्षांनी. मोरचूद घातलेले अंडे मोजायची युक्ती आणि उकडलेल्या अंड्याचे रहस्य, दोन्हींत एकाच माणसाचा हात. आणि जगातल्या सर्वाधिक उल्लेखांच्या लेखात तो पहिल्या संदर्भात उभा आहे, जिथे बहुतेक वाचक पोहोचतच नाहीत.

हे उल्लेख मोजायला सुरुवात कशी झाली तेही सांगायला हवे, कारण त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. अमेरिकेत वकिलांसाठी १८७३ पासून शेपर्ड यांची सूची निघत असे. एखादा निवाडा पुढे कोणत्या खटल्यांत आधाराला घेतला गेला, कुठे फिरवला गेला, हे तिच्यात सापडे. यूजीन गारफिल्ड या तरुण ग्रंथपाल-रसायनज्ञाला वाटले, विज्ञानातही असे हवे. एखाद्या कल्पनेचा माग पुढच्या काळात काढता आला पाहिजे. चुकीचा ठरलेला लेख कुणी बेसावधपणे वापरत असेल तर कळले पाहिजे. १९५५ साली ‘सायन्स’मध्ये त्यांनी ही कल्पना मांडली आणि १९६४ मध्ये त्यांच्या फिलाडेल्फियाच्या संस्थेने पहिली मोठी सूची काढली. शोधण्याचे साधन म्हणून ती केली होती. पण शोधण्यासाठी केलेल्या यादीत बेरीजही करता येते, हे लोकांच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. आधी लेखांची बेरीज, मग नियतकालिकांची, मग माणसांची. गारफिल्ड यांनी स्वतः या मोजमापाची तुलना अणुशक्तीशी केली होती. ते २०१७ साली गेले, तोवर बरेच काही पाहून.

आपल्याकडे काय झाले ते आमच्या पिढीच्या प्राध्यापकांना माहीत आहे. २०१० पासून बढतीसाठी गुण आले, गुणांसाठी लेख आले, लेखांसाठी नियतकालिके आली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांनी सुचवलेल्या नियतकालिकांपैकी सुमारे एक हजारांची छाननी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी केली, आणि २०१८ साली ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष छापला: कसोटीला उतरली फक्त ११२. त्याच वर्षी आयोगाने यादीतून ४,३०५ नियतकालिके काढून टाकली. ज्यांचे लेख त्यांत होते त्यांतले कितीतरी लहान गावांतल्या महाविद्यालयांचे शिक्षक होते. आठवड्याला वीस तास शिकवायचे, प्रयोगशाळेत फोलिनची बाटली मिळेल की नाही याची खात्री नाही, आणि वर वर्षाला दोन लेख हवेत. मी त्यांना हसू शकत नाही.

न्यूफाउंडलंडच्या १९४८ च्या पाहणीत लॉरींबरोबर वॉलेस आयक्रॉइड हे आहारतज्ज्ञ होते. ते आधी १९४५ पर्यंत आपल्याकडे कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेचे संचालक होते. कमला भागवत, म्हणजे कमलाबाई सोहोनी, यांनीही त्या प्रयोगशाळेत काम केले. कमलाबाईंना १९३३ मध्ये बंगळूरच्या संस्थेत सी. व्ही. रामन यांनी बाई म्हणून प्रवेश नाकारला होता आणि त्या हटून बसल्या, ही कथा आपल्याला पाठ आहे. त्यांच्या लेखनाविषयी मात्र क्वचित बोलले जाते. केंब्रिजचा त्यांचा १९३९ चा प्रबंध अवघा चाळीस पानांचा. बटाट्याच्या पेशीतही प्राण्यांप्रमाणे सायटोक्रोम असते, हे त्याचे सार. परत आल्यावर मुंबईच्या विज्ञान संस्थेत त्यांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी कडधान्ये, नीरा असे आपल्या ताटातले आणि पेल्यातले विषय घेतले. डाळीतले कोणते द्रव्य पचनाला आड येते, आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरा दिली तर काय फरक पडतो. निवृत्तीनंतर ग्राहक चळवळीत जाऊन घरच्या घरी भेसळ ओळखण्याच्या चाचण्या त्यांनी गृहिणींना शिकवल्या. हळदीत रंग आहे का हे बघणारी दादरची बाई लेख लिहीत नाही, त्यामुळे ती उल्लेखही करत नाही.

लॉरी १९९६ साली वारले. त्यांच्या स्वतःच्या लेखी महत्त्वाचे काम नंतरचे होते: क्वार्ट्झच्या तंतूचा सूक्ष्म तराजू करून एकेका चेतापेशीचे वजन घेणे, तिच्यातली विकरे मोजणे, रक्तपुरवठा तुटल्यावर पहिल्या काही सेकंदांत मेंदूत काय संपते हे पाहणे. त्या लेखांनाही मान मिळाला, पण उल्लेखांच्या हिशेबात ते १९५१ च्या त्या अकरा पानांजवळही जात नाहीत. प्रयोगशाळांतून आता त्यांची प्रथिनपद्धत मागे पडली आहे. ब्रॅडफर्डची पाच मिनिटांत होते आणि ढवळण्याची घाई नसते.

तर परिचयपत्रक. संपादकांचे दोन फोन आले, तेव्हा मी आकडा काढला. अकरा लेख, सगळे मिळून ९६ उल्लेख. ज्या कामाला मी सहा वर्षे दिली, रात्री जागले, त्या लेखाला सात. ६१ उल्लेख एकट्या एका चार पानी टिपणाला आहेत: भिजवलेल्या मटकीतून विकर काढताना गाळायला साधे मलमल कापड किती पदरी घ्यावे, याचे ते टिपण. रकान्यात मी ९६ लिहिले आहे.